चेहरा एथेलरेडचा, टाकसाळ कुणाची? नॉर्स पेनी ओळखण्याची पद्धत

इ.स. १००० च्या आसपासची चांदीची पेनी. पुढच्या बाजूला डावीकडे पाहणारा राजा, मागे क्रॉस, कडेने रोमन अक्षरांचा लेख. पाकिटावर विक्रेत्याने लिहिलेलं असतं, 'इंग्लंड, एथेलरेड दुसरा'. ते बरोबर असू शकतं. पण हाच चेहरा, हाच क्रॉस त्याच वीस-पंचवीस वर्षांत नॉर्स म्हणजे वायकिंग राजांच्या टाकसाळींत, डब्लिनमध्ये, स्वीडनमधल्या सिग्तुना इथे, तेव्हा डेन्मार्कच्या असलेल्या लुंडमध्ये आणि नॉर्वेतही ठोकला जात होता. बघताक्षणी हा फरक कळत नाही. तो क्रमाने शोधावा लागतो, आणि क्रम चुकला तर नाणं भलत्याच देशात जाऊन पडतं.

थोडी पार्श्वभूमी सांगून मग कामाला लागू. नवव्या आणि दहाव्या शतकात उत्तर युरोपात चांदी यायची ती प्रामुख्याने अरबी दिरहमच्या रूपात, रशियातल्या नद्यांच्या वाटेने. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो ओघ आटला आणि जर्मन व इंग्लिश पेनीने त्याची जागा घेतली. इंग्लंडने वायकिंग फौजांना दिलेल्या खंडणीचे आकडे अँग्लो-सॅक्सन बखरीत आहेत: ९९१ मध्ये १०,००० पौंड, १०१२ मध्ये ४८,००० पौंड. पौंडाला २४० पेनी या हिशेबाने पहिली रक्कम २४ लाख पेनींची होते, दुसरी १ कोटी १५ लाखांहून जास्त. सगळी खंडणी नाण्यांतच गेली नसेल. तरी इंग्लिश पेनी उत्तरेत घरोघरी ओळखीची झाली होती एवढं यावरून नक्की कळतं.

त्यामुळे ९९५ च्या सुमारास चार राजांनी जवळजवळ एकदमच स्वतःच्या नावाची नाणी पाडायला घेतली, तेव्हा चौघांनीही समोर तीच पेनी ठेवली. डब्लिनचा सिह्त्रिक, डेन्मार्कचा स्वेन, नॉर्वेचा ओलाव्ह ट्रिग्व्हासोन आणि स्वीडनचा ओलोफ श्योतकोनुंग हे ते चौघे. यातल्या तिन्ही स्कँडिनेव्हियन राजांच्या नाण्यांवर टाकसाळ चालवणाऱ्याचं नाव एकच आहे, गॉडविन. हे अस्सल इंग्लिश नाव. छापाबरोबर कारागिरीही तिकडूनच आली होती.

एक गैरसमज आधीच काढून टाकलेला बरा. नक्कल म्हणजे खोटं नाणं नव्हे. या नाण्यांतली चांदी बहुधा मूळ पेनीइतकीच चांगली, नव्वद टक्क्यांच्या वर असते. म्हणून चांदीचा कस लावून हा प्रश्न सुटत नाही. कसोटीचा दगड आणि आम्ल कपाटातच ठेवा. त्याने उत्तर मिळणार नाही आणि हजार वर्षांच्या नाण्यावर ओरखडा मात्र राहील.

काय लागेल

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग, प्लास्टिकच्या जबड्यांचं कॅलिपर, वाकवता येणारा टेबलावरचा दिवा आणि जवळून स्पष्ट फोटो काढणारा फोन. एवढं पुरतं.

विशिष्ट गुरुत्व काढण्याचा मोह इथे आवरा. १.३० ग्रॅमची चांगल्या चांदीची पेनी पाण्यात जेमतेम ०.१३ ग्रॅमचा फरक दाखवते. काटा ०.०१ ने इकडेतिकडे झाला की उत्तर ९.३ पासून १०.८ पर्यंत कुठेही जातं. शुद्ध चांदीचा आकडा आहे १०.५. म्हणजे हातात काहीच पडत नाही. ०.००१ ग्रॅमचा काटा असेल तरच हा प्रयोग करावा.

पायरी १: मूळ छाप कोणता ते ठरवा

राजाचं नाव वाचायच्या आधी हे करायचं. इंग्लंडमध्ये दर काही वर्षांनी पेनीचा छाप बदलत असे, त्यामुळे छाप ओळखला की नक्कल त्याआधीची असू शकत नाही हे पक्कं होतं. पुढचे चार छाप पाठच करून ठेवा. सनावळी अभ्यासकांनी लावलेली आहे, एखाद्या वर्षाने सरकू शकते.

क्रक्स (९९१ ते ९९७): राजापुढे राजदंड; मागे लहान पोकळ क्रॉस आणि त्याच्या चार कोनांत एकेक अक्षर, मिळून 'क्रक्स' म्हणजे क्रॉस. लाँग क्रॉस (९९७ ते १००३): राजदंड नाही, डोकं उघडं, केस मागे फिरवलेले, मागचा क्रॉस दुहेरी रेषांचा, थेट कडेपर्यंत पोचलेला, प्रत्येक टोकाला तीन चंद्रकोरी. हेल्मेट (१००३ ते १००९): डोक्यावर शिरस्त्राण, मागे क्रॉसखाली चौकोन. शेवटचा स्मॉल क्रॉस (१००९ ते १०१७): कपाळावर पट्टा, मागे मधोमध एक छोटा भरीव क्रॉस आणि भोवती भरपूर मोकळी जागा.

सगळ्यात जास्त नकला लाँग क्रॉसच्या झाल्या. नवख्या माणसाने सुरुवात त्यानेच करावी, कारण ताडून बघायला नमुने भरपूर मिळतात.

आता पहिला खड्डा. स्कँडिनेव्हियात पुढचा ठसा (नाणं ठोकायचा कोरलेला साचा) एका छापाचा आणि मागचा दुसऱ्याच छापाचा, अशा जोड्या सर्रास लावल्या गेल्या. क्रक्सचा राजा पुढे आणि लाँग क्रॉस मागे, असं नाणं दिसलं तर काळ ठरवताना दोन्हींपैकी नंतरचा छाप धरायचा. पुढची बाजू बघून '९९५' लिहून टाकलं की चूक झालीच. आणि छापावरून नाणं कधीच्या आधीचं नाही एवढंच कळतं, किती नंतरचं ते कळत नाही. डब्लिनने लाँग क्रॉस इंग्लंडने सोडल्यावरही कित्येक दशकं धरून ठेवला होता.

पायरी २: लेख जसा आहे तसा उतरवून घ्या

लेखाची सुरुवात बहुधा डोक्याच्या वर असलेल्या छोट्या क्रॉसपासून होते. तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वाचायचं, अक्षरांचे पाय नाण्याच्या मध्याकडे असतात. दिवा जवळजवळ आडवा ठेवा, नाणं हळूहळू फिरवा आणि कागदावर एकेक अक्षर उतरवा. जे अक्षर उलटं आहे ते उलटंच काढा, आडवं असेल तर आडवं. मनातल्या मनात दुरुस्त करून लिहिलं तर पुढच्या पायरीला काही उरत नाही. अर्धे अभ्यासू इथेच फसतात. 'एथेलरेड असणार' म्हणून एथेलरेड वाचतात.

काही अक्षरांची सवय करून घ्यावी लागते. जुन्या इंग्रजीतलं 'व' हे अक्षर रोमन 'पी'सारखं दिसतं, त्यामुळे गॉडविन हे नाव नवख्याला 'गॉडपिन' असं दिसतं. 'यू'च्या जागी 'व्ही' असतो. 'डी'च्या दांड्याला आडवी रेघ असेल तर तो 'थ' किंवा 'ध'. 'ए' आणि 'ई' एकमेकांना चिकटून एकच अक्षर होतं.

पुढच्या बाजूला राजा आणि देश, मागच्या बाजूला टाकसाळ चालवणारा आणि गाव. मागचा लेख जास्त कामाचा. माणसाचं नाव, मग 'एम-ओ' ही खूण किंवा 'ओन' हा शब्द, मग गावाच्या नावाची सुरुवातीची अक्षरं. डब्लिनचं 'डिफ्लि' किंवा 'डिफ्लिन', सिग्तुनाची 'सिहत', 'सितुन' अशी थोटकी रूपं, नॉर्वेच्या दुर्मीळ नाण्यांवर नुसतं 'नो'. 'फेरेमिन, एम-ओ, डिफ्लि' असं दिसलं तर डब्लिनला पोचलातच समजा, कारण फेरेमिन हा सिह्त्रिकच्या टाकसाळीतला सगळ्यात जास्त भेटणारा माणूस.

लंडन आणि लुंड यांचा घोळ मात्र भल्याभल्यांना चकवतो. दोन्ही गावांची सुरुवातीची चार अक्षरं एकच आहेत. इंग्लंडचा राजा क्नुट डेन्मार्कचाही राजा झाला आणि दोन्हीकडे त्याच्या नावाची नाणी पडली, त्यामुळे राजाच्या नावावरून सुटका नाही. शेवटी 'ई' किंवा 'आय' येऊन 'लुंडी', 'लुंडेई' होत असेल तर लुंडकडे झुका. 'लुंडेने' असेल तर लंडन. नुसती चार अक्षरं असतील तर गाव रिकामं ठेवा आणि पायरी ५ ला या.

पायरी ३: चुकांची जात ओळखा

चूक दिसली की नक्कल, असा सोपा नियम नाही. इंग्लंडमध्येही कारागीर चुकायचे. चूक कशा प्रकारची आहे ते बघावं लागतं.

ठसा बनवणारा हाताने अक्षरं कोरत नसे. त्याच्याकडे सरळ रेघ, पाचर, चंद्रकोर, टिंब अशी चार-पाच पोलादी पंचं असत आणि त्यांनी ठोक्यावर ठोका देऊन अक्षर बांधलं जाई. वाचता येणारा माणूस चुकतो तेव्हा अक्षर गाळतो किंवा जागा संपली म्हणून नाव तोडतो. वाचता न येणारा माणूस चुकतो तेव्हा आकार बिघडतो: 'एन'ची तिरपी रेघ उलट्या दिशेला, 'एस' आडवा झोपलेला, 'आर' आरशातला, आणि जिथे समजलं नाही तिथे उभ्या रेघा आणि वर्तुळं एकापुढे एक. सबंध लेखच उलट दिशेने जात असेल तर कारागिराने समोरचं नाणं बघून ठशावर तसंच्या तसं कोरलं, आणि ठोकल्यावर ते आरशासारखं उलटलं.

चेहऱ्याकडेही याच नजरेने बघा. मूळ नाण्यावर खांद्याच्या वस्त्राच्या घड्या असतात. नकलेत त्या अर्थ नसलेल्या चापांच्या रांगा होतात. लाँग क्रॉसच्या टोकांवरच्या तीन चंद्रकोरींपैकी एखादी गळते. आपल्याकडे गधैया नाण्यांवर इराणच्या ससानी राजाचा चेहरा आणि अग्निवेदी यांचं शेवटी रेघा-टिंबांत रूपांतर झालं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ही घसरण लगेच ओळखू येईल.

एक सावधगिरी. दोनदा ठोका बसलेल्या नाण्यावर अक्षरं एकमेकांवर चढतात आणि लेख बिघडल्यासारखा भासतो. भिंगाखाली कडेची टिंबांची माळ बघा. तीही दुहेरी दिसत असेल तर दोष ठोक्याचा आहे, ठशाचा नाही.

पायरी ४: वजन, चकती, ठशांचा कोन

एथेलरेडच्या काळातली इंग्लिश पेनी साधारण १.२ ते १.८ ग्रॅम भरते. प्रत्येक छापाच्या सुरुवातीला जड, शेवटी शेवटी हलकी. व्यास १८ ते २१ मिलिमीटर, चकती गोल. स्कँडिनेव्हियन नकला याच टप्प्यात सापडू शकतात, पण तिथे एक टोक असंही आहे की सिग्तुनाची नाणी कधी १ ग्रॅमच्या आसपास, तर कधी ३ ग्रॅमच्याही पुढे जातात. बरीच चक्क चौकोनी आहेत. चांदीचा पत्रा ठोकून कातरीने चौकोन पाडायचे आणि मग कोपरे छाटायचे, ही रीत. तिथे कोपरे छाटायचं शेवटचं काम केलंच नाही, कारण बाजारात चांदी तोलूनच घेतली जायची. नग मोजून व्यवहार होत नसेल तर प्रत्येक नगाचं वजन सारखं ठेवण्याची गरजच काय?

चौकोनी चकतीवर एथेलरेड दिसला तर स्कँडिनेव्हिया बेलाशक लिहा. गोल चकती आणि १.४ ग्रॅम असेल तर वजनाने काहीच सिद्ध होत नाही, पुढे चला. वजन फार कमी भरलं तर आधी कड बघा. कातरलेल्या, तुटलेल्या नाण्याच्या वजनाला अर्थ नाही.

ठशांचा कोन असा बघायचा: पुढच्या लेखाचा सुरुवातीचा क्रॉस वर येईल असं नाणं चिमटीत धरा आणि उभ्या अक्षावर पान उलटावं तसं फिरवा. मागच्या लेखाचा सुरुवातीचा क्रॉस किती वाजण्याच्या जागी आहे? इंग्लिश नाण्यांत तो बहुतेक वेळा १२, ३, ६ किंवा ९ वर येतो. नकलेत तो कुठेही येतो. एकट्या नाण्यावर हा पुरावा कच्चा आहे, बाकीच्यांच्या जोडीला मात्र उपयोगी पडतो.

याच वेळी कडेवर आणि गालावर सुरीच्या टोकाने केलेले बारीक टोचे दिसतात का तेही टिपून ठेवा. स्कँडिनेव्हियात चांदी नरम आणि खरी आहे का ते बघण्यासाठी नाणं टोचायची किंवा वाकवायची सवय होती. हे टोचे नाणं कुठून फिरून आलं ते सांगतात, कुठे पडलं ते नाही. खंडणीत गेलेल्या अस्सल लंडनच्या पेनीवरही ते असतातच. नवखे लोक टोचे बघून 'स्कँडिनेव्हियन नक्कल' लिहितात, ते चूक.

पायरी ५: ठसा जुळवा

खरा निवाडा इथे होतो. एका ठशातून हजारो नाणी पडत. पुढचा ठसा आणि मागचा ठसा वेगवेगळ्या वेगाने झिजत, त्यामुळे एक बदलला तरी दुसरा चालू राही. म्हणजे समजा 'क' नाण्यावर मागे स्पष्ट सिग्तुना आहे. 'ख' नाण्याचा पुढचा ठसा 'क'चाच आहे, पण मागे लंडनचं नाव. मग 'ख'ही सिग्तुनालाच पडलं. लंडनचं नाव निव्वळ समोरच्या नाण्यावरून उतरवलेलं. 'ख'चा मागचा ठसा पुढे 'ग'शी जुळतो, 'ग' आणखी कुणाशी, अशा साखळ्या बनतात. स्वीडिश अभ्यासक ब्रिटा माल्मेर यांनी अशाच साखळ्या बांधून शेकडो निनावी आणि चुकीच्या नावाच्या पेनी त्यांच्या खऱ्या गावी नेऊन ठेवल्या. सिग्तुना इथे १९९० च्या उत्खननात ओलोफच्या ठशांच्या खुणा उमटलेली शिशाची पट्टीही सापडली.

घरी करायचं तर नाण्याच्या दोन्ही बाजूंचे अगदी सरळ वरून फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचा फोटो त्याच मापाला आणा आणि एक दुसऱ्यावर अर्धपारदर्शक करून ठेवा. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयाची आरंभीच्या मध्ययुगीन नाण्यांची सूची यासाठी मोफत उघडी आहे. चेहरा जुळतो का ते बघत बसू नका, सगळेच चेहरे सारखे वाटतात. नाकाच्या शेंड्यासमोर लेखातल्या कुठल्या अक्षराचा कुठला भाग येतो, अशा तीन जागा निवडून त्या ताडा. तिन्ही बसल्या तर ठसा एक. दोन बसल्या आणि तिसरी चुकली तर ठसा वेगळा, कारण झिजल्याने अक्षर जाड होतं, जागा सोडत नाही. एखादी जास्तीची उंच रेघ फक्त एकाच नाण्यावर असेल तर घाबरू नका. तो ठशाला नंतर गेलेला तडा असतो आणि उलट कुठलं नाणं नंतरचं ते त्यावरून कळतं.

ठसा कुठेच जुळला नाही, तर नोंद पुराव्याइतकीच करा: 'लाँग क्रॉसची नक्कल, स्कँडिनेव्हिया, ९९७ नंतर'. गावाचं नाव नसलेली खरी नोंद पुढच्या माणसाच्या उपयोगी पडते.

डब्लिनसाठी वेगळी फूटपट्टी

डब्लिनच्या सुरुवातीच्या नाण्यांवर सिह्त्रिकचं नाव आणि डब्लिन, सिह्त्रिकचं नाव आणि इंग्लिश गाव, एथेलरेडचं नाव आणि डब्लिन, अशा तिन्ही तऱ्हा सापडतात. 'थिम्न' नावाचा एक राजाही दिसतो, जो इतिहासात कुठेच नाही. १०१८-२० नंतर गोष्ट सोपी होते: लाँग क्रॉस तोच, पण वजन १ ग्रॅमच्या आसपास आलेलं आणि क्रॉसच्या कोनांत टिंबं. साधारण १०३५ पासून क्रॉसच्या समोरासमोरच्या दोन कोनांत पंजासारखा हात येतो, वजन बहुधा १ ग्रॅमच्या आत, लेख म्हणजे नुसत्या उभ्या रेघा. हात दिसला की बाकी काही वाचायची गरज नाही. बाराव्या शतकात ही परंपरा एकाच बाजूने ठोकलेल्या कागदासारख्या पातळ चकत्यांवर येऊन संपते.

मूळ नाणं इंग्लिश नसेल तर

पायरी १ ला चारपैकी एकही छाप बसला नाही तर या तीन ठिकाणी शोधा. पातळ, हलकं नाणं आणि त्यावर जहाज, घर किंवा हरीण असेल तर हेडेबी, म्हणजे डेन्मार्कची त्या काळची व्यापारी पेठ. तिथे नवव्या शतकात फ्रँक सम्राट शार्लमेनच्या डोरेस्टाड गावच्या नाण्याची नक्कल सुरू झाली आणि त्यातूनच ही चित्रं पुढे आली. पंख पसरलेला कावळा आणि 'अनलाफ कुनुंक' असा लेख असेल तर ते इंग्लंडमधल्या यॉर्कचं, ९३९ ते ९४१ मधलं. लॅटिन 'रेक्स'ऐवजी राजाला नॉर्स पदवी देणारं हे नाणं दुर्मीळ आहे आणि म्हणूनच त्याच्या आधुनिक प्रतिकृती ढिगाने फिरतात. सिंहासनावर ख्रिस्त, किंवा देवदूत आणि राजा मिळून एक ध्वज धरलेला, असं असेल तर लुंड, डेन्मार्कचा राजा स्वेन एस्ट्रिडसेन (९९५ च्या स्वेनहून वेगळा), अकराव्या शतकाचा तिसरा चतुर्थांश. त्याचं मूळ बायझंटाइन आणि सोन्याचं. डेन्मार्कने ते चांदीत उतरवलं. यातल्या काहींवर लेख रून या जुन्या नॉर्स लिपीत आहे, तो रोमन समजून वाचायला जाऊ नका.

चांदीच्या कसाला महत्त्व येतं ते नॉर्वेच्या हाराल्ड हार्दरादेच्या (१०४६ ते १०६६) नाण्यांत. त्याने इतकं हीण मिसळलं की चांदी निम्म्याच्या खाली आली. पगारात मिळालेली ती नाणी हॉल्डोर स्नोरासोन या आइसलँडच्या सरदाराने गवतात झटकून दिली, अशी गोष्ट तिकडच्या जुन्या कथांत आहे. इथे क्ष-किरण तपासणी करून घेता येईल, पण ती फक्त पृष्ठभाग वाचते आणि जुन्या मिश्र चांदीचा वरचा थर आतल्यापेक्षा शुद्ध असतो, हे आकडा बघताना ध्यानात ठेवा.

घेताना आणि ठेवताना

नॉर्वेत १६५० पूर्वीचं सापडलेलं नाणं सरकारचं असतं. डेन्मार्क, स्वीडन, आयर्लंड आणि ब्रिटनमध्येही अशा सापडलेल्या चांदीवर कायदे आहेत. त्यामुळे जुन्या संग्रहाची किंवा लिलावाची लेखी साखळी नसलेलं नाणं स्वस्त वाटलं तरी सोडा. भारतात १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे एकदा इथे आलं की तपासायला लंडनला किंवा स्टॉकहोमला पाठवू, हा विचार सोडून द्या. दोन्ही बाजूंचे फोटो, वजन आणि ठशाची जुळणी पैसे देण्याआधीच करून घ्या.

वाकलेलं नाणं सरळ करू नका. हजार वर्षं जमिनीत राहिलेली चांदी आतून ठिसूळ झालेली असते आणि बोटांच्या जोरानेही दोन तुकडे होतात. चांदी चमकवायचं द्रावण, चिंच, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावायचं नाही. टोच्यांच्या कडा आणि उथळ अक्षरं आधी जातात. मऊ पीव्हीसीच्या पाकिटातून सुटणाऱ्या पदार्थाने चांदीवर हिरवट चिकट थर चढतो, म्हणून मायलारची पाकिटं किंवा आम्लरहित कागद वापरा आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत डबीत सिलिका जेलची पुडी ठेवून ती दर पावसाळ्यात बदला.